पाइप 'लिक' नाही झाला हो, फुटला!

मोठी पोस्ट आहे, घराच्या विम्याच्या क्लेमची, आधीच सांगते. पण ज्यांच्या डोक्यावर अजून एक फ्लॅट आहे त्यांनी वाचाच.

आम्ही मूळचे सांगलीच्या गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा) तेव्हा आमचा तळमजला माळ्यापर्यंत पाण्यात होता. २०२१ ला परत तेच. मग मिस्टर म्हणाले बास झालं, आणि विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आता कृष्णामाईला आमच्याकडं यायचं तर जिना चढावा लागंल." ती जिना चढली नाही, चौथ्या मजल्यावरनं खाली उतरली. नळाचं पाणी तरी शेवटी तिचंच की.

पाडव्याच्या आधीची गोष्ट. पहाटे पाचला सासूबाईंनी हाक मारली, "अगं पाऊस लागलाय का?" हॉलमध्ये पाय ठेवला तर घोट्याच्या खाली पाणी, पीओपीच्या कडेनं धारा, टीव्ही युनिटचं लॅमिनेट पापडासारखं फुगलेलं. आणि किचनच्या भिंतीवरनं लाल ओघळ. मला दोन सेकंद कळेचना हे काय, मग बघितलं तर माळ्यावरचा चटणीचा डबा. वर्षाची कांदा-लसूण चटणी, चार दिवसांपूर्वीच डंकावरनं आणलेली, सगळी भिंतीला.

वरचे काका पुण्याला मुलाकडं, फ्लॅट बंद. सेक्रेटरींकडची किल्ली आणून उघडलं तर बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा पितळी नट उभा चिरलेला. प्लंबर आला, नट हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्यो गळत नव्हता, एकदम फाटलाय. चीर बघा कशी कोरी हाय." आणि नट कचऱ्यात टाकायला निघाला, तो मी त्याच्या हातातनं घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. का ठेवला तेव्हा मलाही माहीत नव्हतं, बँकेत वीस वर्षं काम केल्यावर कागद आणि वस्तू टाकवत नाहीत एवढंच.

आता मुद्दा. मी विमा कंपनीला फोन केला आणि आपण सगळे बोलतो तसंच बोलले, "वरनं गळती झालीय, पाइप लिक होता." पलीकडच्या मुलीनं टाइप केलं 'सीपेज', म्हणजे पाझर. झालं की! त्या एका शब्दावर क्लेम अर्धा मेला होता, आणि मारला मीच होता.

कारण घराच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटून किंवा ओसंडून नुकसान झालं तर कव्हर. ही भारत गृह रक्षा पॉलिसी, १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सगळ्यांना एकाच साच्यात आणायला लावली, कुठल्याही कंपनीची घ्या हे कलम त्यात आहेच. पण हळूहळू मुरलेली ओल, झीज, पाझर, हे कव्हर नाही. म्हणजे ओल, पाझर, गळती, फुटणं हे आपल्या तोंडात एकच 'लिक' असतं आणि तिथं प्रत्येक शब्दाला वेगळी किंमत. मराठीत एवढे शब्द आहेत हो, आणि आपण नेमका तो इंग्रजी एकच वापरतो.

त्याच दिवशी मेल टाकली. 'गळती' शब्द काढून टाकला. अचानक फुटला, रात्री, वरच्या बंद फ्लॅटमध्ये, पहाटे पाचला कळलं. आणि पुरावा? तो वॉचमनमामांनी दिला, कोणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यांच्या वहीत रात्री मोटर बंद केल्याची वेळ, "११.१० टाकी फुल्ल", आणि पहाटे "टाकी खाली, मोटर चालू". सहा तासांत सोसायटीची टाकी रिकामी होते ती काय पाझरून होते का? त्या पानाचा फोटो, नटाचा फोटो, प्लंबरचं सहीचं पत्र. नुकसान मोजायला कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअरनं वहीचं पान दोनदा वाचलं.

सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता. आला, भिंती बोटानं वाजवल्या, बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीवरची पोपडी बघून म्हणाला, "ही जुनी आहे." जुनीच होती, दोन पावसाळे झाले. पेंटरनं अख्ख्या घराचं कोटेशन दिलेलं, मीही तसंच पुढं केलेलं. त्यानं तेवढं कापलं, बरोबर कापलं, त्यावर मी भांडले नाही. मग लाल ओघळाकडं बघून विचारलं, हे काय? सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पाच किलो चटणी आहे ती, लिहा." लिहिली त्यानं, नंतर यादीतनं काढली. सासूबाईंच्या मते कंपनी तिथंच खोटी ठरली.

सामानाचं वेगळं सांगते कारण हे फार जणांना माहीत नाही. इमारतीचा विमा असेल तर त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं घरातलं सामान यादी न देताही धरतात. पण ते डोळ्यांना दिसायला हवं. २०१९ ला आम्ही चिखलात बरबटलेलं कपाट, गाद्या, सगळं रस्त्यावर टाकून मोकळे झालो होतो. कोण बघणार त्या वासात? या वेळी मिस्टर युनिट तोडायला निघाले तर मी हातोडी लपवली. फुगलेलं प्लायवूड अकरा दिवस हॉलमध्ये उभं होतं, पाहुणे आले तरी.

आणखी एक, बँकेतली म्हणून सांगते. गृहकर्ज असेल तर तुमच्या फाइलला बहुतेक अशी पॉलिसी लावलेली असते आणि तुम्हालाच पत्ता नसतो. प्रीमियम कर्जासोबत कापला गेलेला असतो, कागद बँकेच्या कपाटात. जाऊन मागा. मात्र त्यावर बँकेचं नाव असतं, त्यामुळं क्लेमचे पैसे आधी कर्जखात्याकडं वळू शकतात, बँकेची एनओसी लागते. माझं कर्ज दुसऱ्या बँकेत, त्या एनओसीला नऊ दिवस गेले. बँकवालीला बँकेनं नऊ दिवस फिरवलं, हसा आता.

मुदतीही ठरलेल्या आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणं कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत, आणि रिपोर्टनंतर ७ दिवसांत निर्णय. माझा सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला. मेलमध्ये या मुदती लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवल्यावर पुढची कामं भराभर झाली. नाहीच ऐकलं तर महिनाभर थांबून पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही. माझ्यावर वेळ आली नाही. १,८६,४०० मागितले, १,२१,००० मिळाले.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते. काका पुण्याहून आले ते भडंगाचं पाकीट आणि हात जोडूनच. सेक्रेटरी म्हणाले, "मिटवून टाकूया, एक कागद करू, दोन्हीकडून काही तक्रार नाही." चांगल्या मनानंच म्हणाले. मी सही करणारही होते! एजंटनं फोनवर अक्षरशः ओरडून थांबवलं. कारण क्लेम देताना कंपनी आपल्याकडनं सब्रोगेशनचा कागद घेते, म्हणजे ज्याच्यामुळं नुकसान झालं त्याच्याकडनं वसूल करायचा आपला हक्क कंपनीकडं जातो. तो हक्क मी आधीच सोडला असता तर कंपनी म्हणाली असती, मग आम्ही तरी का द्यायचे?

सही केली नाही. पैसे आले. आणि गेल्या आठवड्यात काकांच्या दारात कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं.

लिफ्टमध्ये भेटले. "तुला मिळाले ना गं पैसे? मग मला कशाला पाठवलं?" मी पाठवलं नाही, हे सांगून पटतं का? काकांनी स्वतःची पॉलिसी काढलीय, पण त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर नाही, ते वेगळं घ्यावं लागतं, आणि एजंटनं त्यांना ते कधी सांगितलंच नाही. बंद घराचा मेन कॉक बंद करून गेले असते तर एवढंही झालं नसतं, पण हे लिफ्टमध्ये सत्तरीच्या माणसाला कसं सांगणार?

रविवारी पत्र घेऊन खाली या म्हटलंय, उत्तर मीच टाइप करून देणार आहे. सासूबाईंचं म्हणणं, त्यात चटणीचंही लिही.