तुटक रेषेने काश्मीर जात नाही

गेल्या आठवड्यात तो मेसेज आमच्या ग्रुपवर पुन्हा आला, एकाच दिवशी तिघांकडून. सोबत मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो: भारताचा नकाशा आणि काश्मीरभोवती तुटक रेषा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नकाशा म्हणजे शास्त्रीय मोजणी, त्यात राजकारणाला जागा नसते. परदेशी अ‍ॅपने तुटक रेषा काढून काश्मीर पाकिस्तानला देऊन टाकलं. आपला नकाशा जे दाखवतो तेच जमिनीवर आहे. नकाशांचे असले खेळ फक्त आपले शेजारी करतात. तेव्हा खऱ्या देशभक्ताने ते अ‍ॅप आजच काढून टाकावं, हाच निषेध.

मी नाशिकमध्ये तीस वर्षं भूगोल शिकवला. मेसेज पाठवणारे तिघेही ओळखीचे, चांगले लोक आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. पण ग्रुपवर माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांची मुलं आता नववी-दहावीत आहेत. ही मुलं हेच भूगोल म्हणून पाठ करतील, या काळजीने लिहितोय.

आधी मोजणीचं बघू. डोंगराची उंची मोजता येते, नदीची लांबी मोजता येते. देशाची सीमा मात्र आधी ठरवावी लागते, मोजणी त्यानंतर. 1950 च्या संस्थानांवरच्या सरकारी श्वेतपत्रिकेतल्या नकाशात काश्मीरची लडाखकडची पूर्व हद्द अनिश्चित म्हणून दाखवली होती. 1954 मध्ये पंडित नेहरूंनी आदेश दिला आणि नव्या नकाशांवर तिथे पक्की रेघ आली. त्या चार वर्षांत हिमालय जागचा हलला नव्हता, हलला तो निर्णय. तो निर्णय बरोबर की चूक यावर अभ्यासकांनी खूप लिहिलंय, पण तो राजकीय होता याबद्दल वाद नाही.

माझ्याकडे तिकिटांचा जुना अल्बम आहे. त्यात 1957 ची नया पैसा मालिकेतली तिकिटं आहेत, प्रत्येकावर भारताचा नकाशा. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. नखाएवढ्या त्या तिकिटावर लडाखमधलं अक्साई चीन शोधायला भिंग लावलं, तरी हाती लागतो तो शाईचा एक ठिपका. आणि त्याच 1957 साली चीनने शिनजियांगहून तिबेटला जाणारा रस्ता अक्साई चीनमधून पूर्ण केला. नकाशा आपल्या तिकिटावर होता, रस्ता त्यांच्या ताब्यात. तीन वर्षांनी पाकिस्ताननेही नकाशाची तिकिटं काढली. त्यावर जम्मू-काश्मीर वेगळ्या रंगात दाखवून, त्याचा अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे असं छापलं होतं. पत्रावर चिकटवून जगभर जाणारा प्रचारच तो. मोजणीचा त्यात संबंध कुठे आला?

आता तुटक रेषा. माझा भाचा दुबईला असतो. मेसेज वाचल्यावर त्याला फोन लावला, म्हटलं, तुझ्या मोबाइलवर काश्मीर उघड आणि फोटो पाठव. त्याच्याकडे तुटक रेषा, माझ्याकडे गंगापूर रोडवर बसून त्याच अ‍ॅपमध्ये अखंड रेघ. कंपनी एकच, अ‍ॅप एकच, रेघा मात्र दोन. कारण आपला कायदा. 1961 च्या फौजदारी सुधारणा कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनी भारतात भारताचा कायदा पाळते आणि बाहेर तुटक रेषा काढून हात झटकते. तुटक रेषेचा अर्थ एवढाच की या हद्दीवर वाद आहे. प्रश्न सुटायचा बाकी आहे हे तर आपलं सरकारही धरून चालतं, नाहीतर इतकी वर्षं चर्चेच्या फेऱ्या कशावर झाल्या? कंपनीचं हे दोन दगडांवर पाय ठेवणं मलाही आवडत नाही. पण त्याला देऊन टाकणं म्हणता येणार नाही. नुसत्या नकाशाने जमिनीवर हक्क तयार होत नाही, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बुर्किना फासो आणि माली यांच्या सीमावादात 1986 मध्ये स्पष्टच सांगितलंय.

आपला नकाशा दाखवतो तेच जमिनीवर आहे, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. आपल्या अधिकृत नकाशात आपला दावा दाखवलेला असतो. ताबा कुणाचा कुठे आहे हे सरकार लपवत नाही. संरक्षणमंत्र्यांनी सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत सांगितलं की लडाखमधला सुमारे 38,000 चौरस किलोमीटर भाग चीनच्या बेकायदा ताब्यात आहे आणि 1963 च्या करारात पाकिस्तानने व्याप्त काश्मीरमधला आणखी 5,180 चौरस किलोमीटर चीनला देऊन टाकलाय. संसदेत सांगितलेली गोष्ट आपल्या पोरांना माहीत नसावी? मी वर्गात विचारायचो, नियंत्रण रेषा फळ्यावर काढून दाखवा. चाळीसातली दोन मुलं उठायची. त्यातलं एक हमखास देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानाचं असायचं, कारण त्याच्या घरी त्या रेषेवरून बाप सुट्टीला येत असे.

शेजाऱ्यांनी खेळ केले हे खरंच. पाकिस्तानने ऑगस्ट 2020 च्या नकाशात अख्खं काश्मीर घेतलं, वर जुनागढही. नेपाळने त्याच वर्षी लिंपियाधुरा, कालापानी, लिपुलेख नकाशात घेतले आणि त्यासाठी राज्यघटना बदलली. चीनने 2012 मध्ये पासपोर्टवरच नकाशा छापला, तेव्हा आपण त्या पासपोर्टवर आपला नकाशा असलेला व्हिसा देऊन उत्तर दिलं. पण ‘फक्त शेजारी’ हा शब्द खोडा. 2011 मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाच्या 28,000 प्रतींवर काश्मीरचा नकाशा झाकायला आपण पांढरे स्टिकर लावायला लावले. आणि परदेशात कशाला जायचं? बेळगाव-कारवार-निपाणीसह संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा आपण किती वर्षं छातीवर मिरवला. हातगड ओलांडून सापुताऱ्याला गेलात की डांग लागतो. तिथल्या बोलीवरून मराठी आणि गुजराती भाषकांत वाद झाला, 1960 मध्ये डांग गुजरातेत गेला. 2022 च्या डिसेंबरमध्ये आपल्याच सुरगाणा तालुक्यातली गावं म्हणाली, रस्ते-पाणी देत नसाल तर आम्हालाही गुजरातेत टाका. नकाशातली रेघ सरकवण्याची मागणी त्यांनी राजकारण म्हणूनच केली आणि ती ऐकूही गेली.

राहिला निषेध. इथे मेसेज लिहिणाऱ्याचं निम्मं बरोबर आहे: चुकीच्या नकाशावर गप्प बसू नये. गप्प बसण्याची किंमत दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला आणि आपण चार पावसाळे बोललो नाही, तर पुढे तीच वहिवाट म्हणून आपल्यापुढे येते. फेरफाराची नोटीस लागली की मुदतीत हरकत द्यावी लागते. देशांचंही असंच चालतं. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, आणि फ्रेंच कंबोडिया यांच्यात 1904 च्या तहाने पाणलोटाची रेषा ही हद्द ठरली होती. फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मात्र प्रेआ विहेअरचं देऊळ कंबोडियाच्या बाजूला पडलं. 1908 मध्ये नकाशा बँकॉकला पोचला. सयामच्या सरकारने हरकत घेतली नाही, उलट राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानून प्रांतांच्या सुभेदारांसाठी आणखी पंधरा प्रती मागवल्या. 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने देऊळ कंबोडियाला दिलं. तेव्हा बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला नकाशा मान्य होता, असा त्या निकालाचा गाभा. नुसत्या नकाशाने हक्क होत नाही हे मी वर म्हटलं, पण तोच नकाशा मुकाट्याने स्वीकारला तर होऊ शकतो.

म्हणून चीनच्या असल्या नकाशांवर आपलं परराष्ट्र खातं निषेध नोंदवतं. ऑगस्ट 2023 मध्येही नोंदवला. 1954 मध्ये नेहरूंनी चिनी नकाशांचा विषय काढला तेव्हा चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय म्हणाले होते, जुने नकाशे आहेत, दुरुस्त करायला वेळ झाला नाही. नेहरूंनी 1958 मध्ये पुन्हा पत्र लिहिलं. नोंद राहते ती अशा पत्राची. माझ्या मोबाइलमधून अ‍ॅप गेलं, याची हरकत म्हणून नोंद कुणीच घेत नाही.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका जर्मन माणसाने आपल्या लष्करातले गिर्यारोहक कर्नल नरेंद्र कुमार यांना एक परदेशी नकाशा दाखवला. आपली आणि पाकिस्तानची ठरलेली नियंत्रण रेषा एनजे 9842 या बिंदूवर संपते. पुढे फक्त ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे’ एवढे शब्द आहेत. त्या नकाशात मात्र कुणीतरी तिथून थेट काराकोरम खिंडीपर्यंत सरळ रेघ ओढली होती आणि सियाचिन पाकिस्तानच्या बाजूला गेलं होतं. कुमार यांनी तो नकाशा फाडला नाही. ते तो घेऊन दिल्लीला वरिष्ठांकडे गेले, 1978 मध्ये परवानगी मिळवून सियाचिनवर मोहीम नेली आणि 13 एप्रिल 1984 ला आपलं सैन्य पाकिस्तानच्या आधी वर पोचलं. तेव्हा ते अ‍ॅप राहू द्या. आज रात्री घरातल्या नववीच्या मुलाला जवळ बसवा, एनजे 9842 शोधायला सांगा आणि तिथून वर कोणती रेघ कुणी काढली आहे ते त्याच्याकडूनच ऐका.