विंचवाचा मंत्र आणि बावस्करांची गोळी एका पंगतीत बसवू नका

परवा रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'विज्ञान, धर्म, जादू, तिन्ही शेवटी श्रद्धाच. अणू कुणी पाहिलाय? शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात. इस्रोवालेसुद्धा तिरुपतीला जातात. आमचा विंचू मंत्राने उतरतो, तुमचा गोळीने. ज्याचा त्याचा विश्वास.' खाली मावशीने लिहिलं होतं, 'पटतंय बाई.' मावशी रायगडात राहते, भातशेतीच्या गावात. म्हणून मला गप्प बसवेना.

अणू मी पाहिलेला नाही. शाळेतलं बरंचसं विज्ञान मीही पुस्तकावर विश्वास ठेवूनच शिकले. एवढं मान्य. पण मी तपासलं नाही म्हणजे कुणीच तपासलं नाही, असं होत नाही. आणि तिरुपतीचं म्हणाल, तर दर्शन घेऊन आल्यावर उड्डाणाआधीची एकही चाचणी कुणी सोडून देत नाही.

संताप आला तो विंचवाच्या ओळीचा. मंत्राने विंचू 'उतरतो', कारण बहुतेक विंचवांचा दंश नुसता ठणकतो आणि काही तासांनी आपोआप शमतो. कोकणातला लाल विंचू तसा नाही. शेजारच्या पोराला चावला तेव्हा मी तिथेच होते. मांत्रिक कडुलिंबाची डहाळी त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत उतरवत होता. पोराचा सदरा घामाने चिंब, तळपाय गारठलेले, दोनदा उलटी झालेली. ठणका कमी झाला म्हणून सगळे म्हणत होते, उतरलं. उतरलं नव्हतं. या विषाने रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तीन तास गेले. पोरगा वाचला, पण त्या तीन तासांत त्याच्या आईचं जे झालं ते मी विसरू शकत नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असेच रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही साधी गोळी द्यायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. मांत्रिक असता तर इथेच थांबला असता. बावस्कर थांबले नाहीत. ज्या गोळीने नाव झालं तीच त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी परीक्षेला बसवली. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना तिच्यासोबत विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८, दोन्हींवर ३५ पैकी ३२. आपली गोळी एकटी मागे पडते हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं.

शास्त्रज्ञ मत बदलतात ते असं. मंत्र म्हणून किती वाचले आणि किती गेले, याची वही कुठल्या मांत्रिकाने ठेवलीय ते मला दाखवा.

आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा 'ज्याचा त्याचा विश्वास' इथे चालत नाही.

काल मावशीला फोन केला. म्हटलं, देवापुढे दिवा लाव, माझं काही म्हणणं नाही. पण कापणीत कुणाला विंचू चावला, घाम फुटला, हातपाय गार पडले, तर आधी १०८. तिने नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला. फॉरवर्ड अजून ग्रुपवर तसाच आहे.