शेंगापोळीच्या चवीचे ओट्स: मंगळवेढ्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रात्री भिजवून सकाळी खायच्या ओट्सविषयीच्या माझ्या लेखावर आपण मंगळवेढ्याहून सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडते. शेंगापोळी, श्रीखंड आणि सीताफळ बासुंदी यांच्या चवीचे ओट्स न्याहारीला सुचवणे म्हणजे मुलांना सकाळपासून गोडाची चटक लावणे आहे. रात्रभर ठेवलेले आणि विस्तवावर न चढलेले अन्न कच्चेही असते आणि शिळेही. दूध आणि फळे एकत्र करणे आपल्या परंपरेत निषिद्ध आहे. आणि ज्या ओटची पेरणी आपण जनावरांच्या वैरणीसाठी करतो, त्याचे कौतुक मालदांडी ज्वारीच्या मुलखात कशासाठी, असे आपण विचारले आहे.

यांतला गोडाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यालाच अधिक जागा देते. घरी श्रीखंड करताना चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. माझ्या कृतीत एका माणसाच्या वाट्याला ४० ग्रॅम ओट्स, दीडशे मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे दाण्याचे भरड कूट आणि एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, किसलेला गूळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेबाबत जी मार्गदर्शक मर्यादा सुचवली, तिचा अधिक कडक आकडा प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम एवढा येतो. गूळही त्याच हिशेबात धरायचा असतो, तो नैसर्गिक म्हणून सुटत नाही. तरीही आपल्याकडे गोड बिस्किटांबरोबर घेतल्या जाणाऱ्या सकाळच्या दोन कप चहात मिळून माझ्या कृतीतल्या या ५ ग्रॅम गुळापेक्षा कमी साखर असते, असे मला वाटत नाही.

मग एवढ्याशा गुळात शेंगापोळीची आठवण कशी होते, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या लेखाचा सारा भर तिथेच होता. एखादा पदार्थ पक्वान्नासारखा लागतो, तो निव्वळ साखरेमुळे नाही. खरपूस भाजलेल्या दाण्यांचा वास, वेलदोडा, चिमूटभर जायफळ, भाजलेली खसखस, दाण्यातला आणि दुधातला स्निग्धांश, आणि या सगळ्यांना उठाव देणारे किंचित मीठ, यांतून शेंगापोळीच्या सारणाचे बरेचसे काम होऊन जाते. गूळ शेवटी नावापुरता लागतो. दाणे मात्र मंद आचेवर, सालावर काळपट ठिपके येईपर्यंत भाजलेले हवेत. पांढरट दाण्याचे कूट घातले तर कितीही गूळ ओतला तरी ती चव येत नाही आणि माणूस उगाच गूळ वाढवत बसतो. गूळ आधी चमचाभर पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि थंड दुधात मिसळावा, कारण गरम दुधात गूळ घातल्यास ते फाटण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट तापमानाची आहे. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. कुल्फीचे आटवलेले दूध गोठण्याआधी चाखले तर ते अतिगोड लागते आणि गोठल्यावर बेताचे, ते याचमुळे. म्हणून फ्रीजमधून काढलेले ओट्स लगेच न खाता पंधरा मिनिटे बाहेर ठेवावेत, असे मी लिहिले होते. तेवढ्यात तोच गूळ अधिक वाटू लागतो आणि वरून मध घालण्याचा मोह टळतो. चॉकलेटचा लेप, बिस्किटांचा चुरा आणि गोड कंडेन्स्ड मिल्क घातलेले जे ओट्स सध्या सर्रास दाखवले जातात, त्यांच्याबाबत आपला आक्षेप शंभर टक्के लागू आहे. ते पक्वान्नच आहे आणि ते जेवणानंतर, क्वचित, वाटीभर खावे.

कंडेन्स्ड मिल्कवरून आठवले म्हणून सांगते. भिजवलेल्या ओट्सच्या या प्रकाराचे मूळ झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेन्नर यांच्या आरोग्यधामात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडते. त्यांच्या कृतीतही कंडेन्स्ड मिल्क थोडेसे होते. पण ताटलीत मुख्य पदार्थ होता तो किसलेले सफरचंद, आणि रात्रभर भिजवलेले ओट्स जेमतेम मोठा चमचाभर. लिंबाचा रस आणि सुका मेवा हे वरचे. म्हणजे फळ अधिक आणि धान्य कमी असे ते प्रमाण होते, जे आज जवळपास उलटे झाले आहे.

आपल्या घरात मधुमेह आहे, असे आपण लिहिले आहे. ओट्स आरोग्यदायी म्हणून ते मोकळ्या हाताने खावेत, असे मी कुठेही म्हटलेले नाही. ४० ग्रॅम ओट्समध्ये २५ ग्रॅमपेक्षा थोडी जास्त कर्बोदके असतात, दुधातली साधारण सात ग्रॅम आणि मध्यम आकाराच्या केळ्यातली पंचवीसच्या आसपास. हे सगळे मिळून एका न्याहारीला भारी होते, तेव्हा केळे अर्धेच घ्यावे किंवा वगळावे, गूळ घालूच नये आणि आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणातच हे बसवावे. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सपेक्षा जाड, चपटे ओट्स घ्यावेत, कारण बारीक ओट्सने रक्तातली साखर अधिक वेगाने वाढते.

आता कच्चेपणाबद्दल. दुकानात मिळणारे चपटे ओट्स कच्चे नसतात. दाणा वाफवून, मग रुळांखाली दाबून ते तयार होतात. तसे केले नाही तर ओटमधील स्निग्धांश लवकर खवट होतो. त्यामुळे भिजवल्यावर ते पोह्यांप्रमाणे खाण्याजोगे होतात. शिळेपणाचा मुद्दा मात्र सोलापुरात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि रात्रीही हवा निवत नाही, तेव्हा दूध घातलेले भांडे ओट्यावर ठेवून झोपणे धोक्याचेच आहे. दूध उकळून पूर्ण थंड केलेले असावे, बरणी गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि भिजवताक्षणी ती फ्रीजच्या आतल्या भागात ठेवावी, दारात नव्हे. रात्री वीज गेली आणि फ्रीजचे दार उघडले नसेल, तर साधारण चार तासांपर्यंत आतला गारवा टिकतो; त्याहून अधिक काळ वीज नसेल तर ते ओट्स टाकून द्यावेत, वास घेऊन परीक्षा करू नये. आपल्या घरांतली आंबीलही रात्रभर ठेवलेली असते. पण ती आंबवण्यासाठीच ठेवलेली असते आणि तिचा आंबटपणाच तिला राखतो. ओट्सना हे संरक्षण नसते, म्हणून आंबिलीचे उदाहरण देऊन मी आपला आक्षेप उडवून लावणार नाही.

दूध आणि फळांविषयी आपण चरकसंहितेचा उल्लेख केला आहे. सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे विवेचन आहे आणि दुधाबरोबर आंबट फळे तिथे वर्ज्य सांगितली आहेत, हे खरे. ज्यांना ते पाळायचे आहे त्यांनी फळ वेगळे खावे, त्याने कृतीचे काही बिघडत नाही. मी स्वतः शिक्रण खाऊन वाढले असल्याने या बाबतीत स्वयंपाकघराचा अनुभव प्रमाण मानते, आणि तो अनुभव असा की सगळी फळे रात्री भिजवता येत नाहीत. अननस आणि किवी यांच्यातील पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने तोडतात आणि सकाळपर्यंत चव कडवट होते; पपईचेही तेच. केळे काळे पडते. आंबट द्राक्षांनी दूध फाटते. ही सारी फळे सकाळीच, खाण्याच्या वेळी घालावीत. सीताफळाचा गर बिया काढून रात्री घातला तरी चालतो आणि त्याच्यात गुळाची गरजच उरत नाही.

डाळिंबाचे थोडे निराळे आहे. भगवा या जातीच्या डाळिंबाचे दाणे रात्रभर टणक राहतात, पण त्यांचा रंग सुटतो, आणि तो रंग आंबटपणावर अवलंबून असतो: दह्यात किंवा चक्क्यात तो सुरेख गुलाबी दिसतो, तर दुधात निळसर-करडा होऊन पदार्थ बिघडल्यासारखा वाटतो. म्हणून डाळिंब श्रीखंडाच्या चवीच्या ओट्समध्ये, केशर आणि चारोळीबरोबर. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून ज्या सोलापुरात आहे, तिथे राहून परदेशी बेरींच्या डब्या विकत घेणे मला तरी पटत नाही, आणि एवढ्यापुरते आपले आणि माझे मत एकच आहे.

राहता राहिली ज्वारी. ओटचा हिरवा चारा आपण जनावरांना घालतो आणि बाजारात येतो तो त्याच पिकाचा पक्व दाणा, तोही बहुधा परदेशातून आलेला आणि ज्वारीपेक्षा महाग. याबाबत वाद नाही. परंतु ज्वारीची जागा ओट्सना द्यावी, असे मी सुचवलेले नाही. भाकरी दुपारी आणि रात्री आहेच. ओट्स निवडले ते एका गुणासाठी. त्यांच्यातला बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू पाणी धरून ठेवतो आणि न शिजवता दुधाला बासुंदीसारखा दाटपणा देतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हेही मान्य झालेले आहे, जरी एका वाटीतून त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळते. ज्वारीत हा तंतू नगण्य आहे. तिचे पीठ नुसते भिजवले तर रेवाळ लागते आणि ज्वारीचे पोहे मऊ पडले तरी दूध पातळच राहते.

ज्वारीत हीच न्याहारी हवी असेल, तर ती शिजवावी लागेल, आणि त्यासाठी कण्या उत्तम. संध्याकाळी एक भाग कण्या चार भाग पाण्यात चिमूटभर मीठ घालून मऊ शिजवाव्यात, लगेच पसरट भांड्यात काढून निववाव्यात आणि फ्रीजमध्ये ठेवाव्यात. सकाळी त्या घट्ट बसलेल्या दिसतील, कारण शिजलेली ज्वारी थंड झाल्यावर आळते. त्यांत घुसळलेले दही थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात, मग केशर, वेलदोडा आणि मूठभर डाळिंबाचे दाणे मिसळावेत. मुलांसाठी करणार असाल तर कण्या बारीक घ्याव्यात, कारण जाड कण्या गार झाल्यावर दाताखाली टचटचीत लागतात आणि मुले वाटी बाजूला सारतात.