स्लॅबला 3 दिवस पाणी पुरे? नाही भाऊ
जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपवर फिरतंय की आताचं सिमेंट लवकर सेट होतं, स्लॅबला 3 दिवस पाणी मारलं की बस. हे चुकीचंय. सेट होणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं, ताकद हळूहळू येते आणि तोपर्यंत ओल लागते. गोणीवर पीपीसी (राखेसारखं पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) लिहिलंय का बघा, आयएस 456 (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) नुसार त्याला किमान 10 दिवस, शक्यतो 14. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 वर, सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, म्हणून नुसतं पाइपनं शिंपडू नका, वाफे करून पाणी भरून ठेवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. टँकर महाग पडतो हे कळतं, पण स्लॅब एकदाच टाकतो हो आपण.