एक बॉक्स, तीन टीव्ही: आमच्या डिशच्या दुकानाला मिळालेल्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मालक,

सोलापुरात दुकानदार गिऱ्हाइकाला मालक म्हणतो आणि गिऱ्हाईकही दुकानदाराला मालकच म्हणतं. तेव्हा चूक कुठल्या मालकाची, हे जरा सविस्तरच लिहावं लागणार. उत्तर लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी.

डिशच्या सेट-टॉप बॉक्सबद्दल तुमची तक्रार थोडक्यात अशी. "एका बॉक्सवर तिन्ही टीव्ही चालतील" असं सांगून आम्ही पैसे घेतले, आणि आता तिन्ही टीव्हींवर एकच चॅनल दिसतं. आतल्या खोलीत चित्राला मुंग्या येतात. तिथून रिमोट चालत नाही. फोन करूनही तीन दिवस कुणी आलं नाही. आणि शेवटची ओळ: "मुद्दाम अर्धवट काम करायचं आणि मग दुसरा बॉक्स गळ्यात मारायचा, हा यांचा धंदा आहे."

तीन दिवसांचं आधी सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, आमची दोन्ही पोरं नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि मी एकटाच दुकानात. पण फोन उचलून "मालक, संक्रांतीनंतर येतो" एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ते मी केलं नाही. चूक माझी.

आता एकाच चॅनलचं. आमच्या पोरानं तुम्हाला "तिन्ही टीव्ही चालतील" असं सांगितलं हे खरं आहे, मी त्याला विचारलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. "तिन्हीवर हॉलमध्ये जे लावाल तेच दिसेल" हे पुढचं वाक्य तो बोलला नाही. तुम्हाला राग आला तो या न बोललेल्या वाक्याचा, आणि तो रास्त आहे.

पण हे असं का होतं, ते सांगतो. दर आठवड्याला दुकानात कुणी ना कुणी हेच विचारतं, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपल्या सगळ्यांना सवय जुन्या केबलची आहे. तेव्हा खांबावरून एक वायर घरात यायची. तिला स्प्लिटर (एका वायरीच्या दोन-चार वाटा करणारी डबी) लावला की हॉल, स्वयंपाकघर, माडी, कुठंही टीव्ही जोडा, प्रत्येक जण आपापलं चॅनल बघायचा. कारण त्या एका वायरीतून सगळी चॅनल एकाच वेळी, आपापल्या फ्रिक्वेन्सीवर येत होती आणि निवड टीव्हीच्या आतला ट्यूनर करायचा. जितके टीव्ही तितके ट्यूनर. मग केबल डिजिटल झाली. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात सोलापूरही होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर निवड करायचं काम टीव्हीकडून बॉक्सकडे गेलं. छत्रीच्या डिशचं तर पहिल्यापासून तसंच आहे. बॉक्स उपग्रहाच्या सिग्नलमधून तुम्ही मागितलेलं एक चॅनल उचलतो, त्याचं कुलूप कार्डाच्या हिशोबानं उघडतो आणि तेवढंच बाहेर सोडतो. बाहेर पडलेलं ते चित्र तीन टीव्हींना वाटा नाहीतर तेरा, चित्र एकच. माझे वडील यंत्रमागावर होते. ते म्हणायचे, एका मागावर एका वेळी एकच चादर निघते. डिशवाला झाल्यावर मला ते जास्त पटलं.

तुमच्या घरात कोण काय बघतं ते इथं चारचौघांत लिहीत नाही. पण सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांत रात्री आठला काय चालतं ते मला माहीत आहे: आजीला तेलुगू मालिका हवी, सूनबाईंना मराठी, आणि नातवाला मॅच. अशा घराला एक बॉक्स कधीच पुरणार नाही. हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. "किती टीव्ही?" एवढंच विचारलं, "एका वेळी किती वेगवेगळं बघता?" हे विचारलंच नाही.

आता "दुसरा बॉक्स गळ्यात मारायचा" याबद्दल. मालक, तसं असतं तर मी पहिल्याच दिवशी तुम्हाला दोन बॉक्सचं बिल केलं असतं. त्यात आमचा फायदाही जास्त होता. तुम्ही "दर महिन्याचा खर्च वाढायला नको" म्हणालात, म्हणूनच मॉड्युलेटरचा मार्ग काढला. बॉक्सच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी पिन असते, तिथून निघणारं चित्र आणि आवाज मॉड्युलेटरमध्ये जातो. मॉड्युलेटर त्याचं एक साधं टीव्ही चॅनल बनवतो, जुन्या केबलसारखं, आणि ते वायरीनं आतल्या टीव्हींना जातं. ज्या घरात सगळे एकच बातम्या, एकच मालिका बघतात आणि स्वयंपाक करताना कानावर पडलं तरी चालतं, तिथं हे काम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. आमच्याच घरी आहे.

त्याची मर्यादाही सांगतो, कारण तुम्ही "हलका माल" असं लिहिलंय. हॉलमधला टीव्ही एचडीएमआयवर आहे, तिथं एचडी चित्र येतं. पिवळ्या पिनेतून एचडी निघतच नाही, कुठलाही मॉड्युलेटर घ्या. स्वयंपाकघरातल्या २४ इंचीवर ते खपून जातं, बेडरूममधल्या ४३ इंचीवर मऊ आणि धूसर वाटणार, माणसांचे चेहरेही जरा रुंद दिसणार. यात माल हलका नाही, मार्गच तेवढा आहे. एचडी हवं असेल तर एचडीएमआय स्प्लिटर आणि भिंतीतून कॅट सिक्सची (इंटरनेटला लागते ती) वायर, दोन्ही टोकांना चित्र लांब नेणारा एक्स्टेंडर असं करता येतं. साध्या लांब एचडीएमआय केबलीवर मी पंधरा मीटरच्या पुढे भरवसा ठेवत नाही. शिवाय त्यातही चॅनल एकच राहणार, आणि कॉपीसंरक्षणामुळे एखादा टीव्ही मध्येच काळा पडला तर पुन्हा मलाच फोन येणार. तुमच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही.

मुंग्या मात्र वेगळ्या. मर्यादेच्या नावाखाली मी त्या खपवणार नाही. एवढ्या अंतरावर मुंग्या यायला नकोत. वायर पंधरा-सोळा मीटर आहे, तेवढ्यात सिग्नल फार पडत नाही. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल सिग्नल खातो, चार तोंडांचा सातच्या आसपास. एवढं हिशोबात धरलेलं असतं. मी पोराला खोदून विचारलं तेव्हा कळलं की बेडरूमकडे त्यानं नवी वायर ओढलीच नाही. पाईपात तुमची जुन्या केबलच्या काळातली बारीक वायर होती, तीच वापरली, आणि कपाटामागे दोन तुकडे पिळून वर टेप गुंडाळला. खरा चोर तो जॉइंट. या वायरीला पिन लावून जोडायचं असतं, विजेच्या वायरीसारखं पिळायचं नसतं. पिळलं की सिग्नल तिथंच अडतो, उलटा फिरतो आणि बाहेरची खरखरही आत शिरते. बिलावर आरजी-६ (टीव्हीच्या सिग्नलची जाड) वायर लिहिली आहे, त्या खोलीपुरती ती लागलीच नाही. हे काम नव्यानं, आमच्या खर्चानं. स्प्लिटरचं एक तोंड मोकळं आहे, त्यालाही टोपण लावू.

रिमोटचं साधं आहे. तुमच्या बॉक्सचा रिमोट इन्फ्रारेडचा, त्याचा प्रकाश भिंत ओलांडत नाही. बेडरूममध्ये एक छोटा डोळा बसवायचा, तो बटणाचा संदेश वायरीनं हॉलपर्यंत नेतो आणि बॉक्सपुढे चिकटवलेला दुसरा डोळा तो बॉक्सला सांगतो. हे बिलात नव्हतं, म्हणून बसवलं नाही. पण सांगायला हवं होतं. फक्त एक लक्षात घ्या: डोळा बसवल्यावर बेडरूममधून चॅनल बदललं की हॉलमधलंही बदलेल. कित्येक घरांत खरं भांडण त्यानंतर सुरू होतं.

तुम्ही रिव्ह्यूत असंही लिहिलंय की दुसऱ्या एका दुकानदारानं "छत्रीच्या वायरीलाच स्प्लिटर लावा, मित्राचा जुना बॉक्स जोडा, काम झालं" असं सांगितलं. कृपा करून ते करू नका. बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला (छत्रीपुढच्या दांड्यावरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज पाठवतो, आणि त्या विजेतच हुकूम असतो. १३ व्होल्ट म्हणजे उभ्या ध्रुवीकरणाचे (लहरी उभ्या हलणारे) सिग्नल दे, १८ म्हणजे आडव्याचे. एका वायरीवर दोन बॉक्स बसले आणि एकानं १३, दुसऱ्यानं १८ मागितले की १८ वाला जिंकतो आणि दुसऱ्याकडची निम्मी चॅनल "नो सिग्नल" दाखवतात. मग लोक छत्री हलवतात, आणि एवढ्या उन्हात गच्चीवर चढून आम्हालाच ती पुन्हा सरळ करावी लागते. दोन बॉक्स लावायचे तर दोन तोंडांची एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर, बस. शिवाय मित्राचा बॉक्स त्याच्या खात्यावर चालतो; कनेक्शन एका घरापुरतं असतं. आम्ही तर वरच्या भाडेकरूलाही वायर देत नाही, कितीही ओळख असू दे.

तेव्हा मला योग्य वाटतं ते असं. हॉल आणि स्वयंपाकघर आत्ता आहे तसंच एकाच बॉक्सवर राहू द्या, दोघांना एकच चालतं असं तुम्हीच म्हणाला होता. बेडरूमला तुमच्याच कंपनीचं दुसरं कनेक्शन त्याच खात्याखाली घ्या. ट्राय या सरकारी नियामक संस्थेनं २०२० मध्ये दुसऱ्या टीव्हीपासूनचं नेटवर्क शुल्क (चॅनलच्या पैशांशिवाय दर महिन्याला द्यायचं ते) पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं ठरवलं होतं. २०२४ पासून हे शुल्क किती ठेवायचं ते कंपन्यांवर सोडलंय, म्हणून आजचा आकडा तुमच्यासमोर कंपनीला फोन लावूनच सांगेन. फक्त तेलुगू चॅनलच त्या बॉक्सवर घेतली तर महिन्याचं ओझं फार होणार नाही. दर महिन्याला काहीच द्यायचं नसेल तर डीडी फ्री डिश आहे, सह्याद्री आणि दूरदर्शनची बाकी चॅनल त्यावर मिळतात. पण तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, तुमच्या कंपनीच्या उपग्रहापासून लांब. त्यामुळे छत्री दुसरी लागेल, आणि आजींची मालिका त्यावर येणार नाही. मग उपयोग काय?

दुसरं कनेक्शन नको असेल तरी हरकत नाही. बेडरूमची वायर बदलून मुंग्या घालवतो, आणि तरीही जमलं नाही तर मॉड्युलेटर परत घेऊन त्याचे पूर्ण पैसे देतो. मजुरी परत देणार नाही, हॉल आणि स्वयंपाकघरातलं काम नीट झालंय.

या रविवारी सकाळी मी स्वतः येतो, पोरगंही बरोबर असेल, वायर पिळली ती त्यानंच, बदलेलही तोच. तोवर बेडरूमच्या टीव्हीवर "ऑटो ट्यूनिंग" पुन्हा दाबू नका. मुंग्यांमुळे टीव्हीला आमचं चॅनल सापडलं नाही तर आत्ता दिसतंय तेवढंही जाईल. आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे सरकवून ठेवलंत तर बरं होईल.