शिकायला ९ मीटर दिला, मग विकत घ्यायला १२ का सांगितला

नमस्कार सर,

मार्चमध्ये मोरजीला आमच्याकडे तुम्ही तीन दिवसांचा काइटबोर्डिंगचा (मोठ्या पतंगाच्या ओढीवर पाण्यावर बोर्ड चालवण्याचा) कोर्स केलात, त्याबद्दल दोन स्टार देऊन लिहिलेला तुमचा अभिप्राय वाचला. तक्रार थोडक्यात अशी: तुमचं वजन ८८ किलो असूनही पहिले दोन दिवस तुम्हाला ९ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटर कापडाचा, काइट दिला. त्याच ९ मीटरवर बॅचमधली एक सडपातळ मुलगी बोर्डवर उभी राहून पुढे निघून गेली आणि तुम्ही पाण्यातून नुसते फरफटत राहिलात. १२ मीटर हातात आला तो तिसऱ्या दिवशी, तोही तासाभरापुरता. पुढे घरी गेल्यावर तुम्हाला एक जुना ९ मीटर अर्ध्या किमतीत मिळत होता, तर आम्ही फोनवर म्हणालो, "घेऊ नका, १२ बघा." "ज्या मापावर शिकवतात तेच घेऊ नका म्हणतात, म्हणजे यांना स्वतःचा माल खपवायचाय," असं तुम्ही लिहिलंय.

यातला शेवटचा आरोप मला लागला. शिवाय पहिला काइट घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शिकण्याचं बघू. पहिले दोन दिवस तुम्ही बोर्डवर नव्हता, बॉडी ड्रॅग करत होता. म्हणजे पोटावर पाण्यात आडवं होऊन, एका हाताने बार (काइट सांभाळायचा दांडा) धरून, काइटच्या ओढीवर सरकायचं. बोर्ड पायातून सुटला की तो परत मिळवायला आणि किनारा गाठायला हेच कामी येतं. यात काइटने तुम्हाला फक्त पाण्यातून ओढायचं असतं, पाण्यावर उचलायचं नसतं. त्यासाठी ८८ किलोच्या माणसालासुद्धा १४ नॉट (नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं माप) वाऱ्यात ९ मीटर पुरतो. बोर्डवर उभं राहायचं तर तोच अपुरा पडतो. धडा बदलला की माप बदलतं, म्हणून तिसऱ्या दिवशी १२ आला.

पण पहिल्याच दिवशी १२ दिला असता तर काय बिघडलं असतं? घाबरला की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि स्वतःकडे ओढतो. आणि काइटचा बार जवळ ओढला की जोर वाढतो, सोडला की कमी होतो. म्हणजे भीतीने जे आपोआप होतं, नेमकं त्याच्या उलट करायला शिकायचं असतं. पहिल्या दुपारी तुमचंही तेच झालं: काइट खाली डावीकडे झुकला, तुम्ही बार छातीशी घेतला, काइट वाऱ्याच्या ऐन जोरात शिरला आणि तुम्ही दोन-तीन मीटर पुढे फेकले गेलात. नाकात पाणी गेलं, खोकलात, हसलात आणि परत उभे राहिलात. तीच चूक १२ मीटरवर झाली असती तर ओढ साधारण एक तृतीयांशाने जास्त लागली असती. त्यात वाऱ्याचा झोत आला तर गणित आणखी बिघडतं, कारण ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १२ नॉटचा वारा १८ झाला की वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोनपट. "बार सोड" हे नवशिक्याच्या अंगवळणी पडेपर्यंत मी त्याला मोठा काइट देत नाही, त्याचं वजन कितीही असो.

आता त्या मुलीचं. तिचं वजन इथे सांगणार नाही, पण ५८ किलोचं कुणीही धरा. काइटवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: वजन किलोमध्ये घ्यायचं, त्याला २.२ ने गुणायचं आणि वारा जितके नॉट असेल त्याने भागायचं. उत्तर येतं ते काइटचं माप, चौरस मीटरमध्ये. ५८ किलो आणि १४ नॉट, उत्तर साधारण ९. तुमचे ८८ किलो आणि तेच १४ नॉट, उत्तर जवळपास १४. म्हणजे त्या दुपारी ९ मीटर हे तिचं बोर्डवरचं माप होतं आणि तुमचं बॉडी ड्रॅगचं. शिवाय ती आधी एक कोर्स करून आली होती. तुम्ही दोघं एकाच काइटवर होता, पण एकाच धड्यावर नव्हता. या सूत्राला फार कवटाळू नये, काइटची जात आणि बोर्डचा आकार यांनी उत्तर एखाद-दोन मीटर इकडेतिकडे होतं. पण पहिली दिशा ते बरोबर दाखवतं.

हाच हिशेब उलटा केला की विकत घेण्याचा प्रश्न सुटतो. ८८ किलोला ९ मीटरवर बोर्ड चालवायचा तर साधारण २१-२२ नॉट वारा हवा. आपल्याकडे किनाऱ्यावर दुपारी जो वारा सुटतो तो जमीन तापल्यामुळे समुद्राकडून येणारा. बहुतेक दिवशी १२ ते १५ नॉट आणि सूर्य कलला की उतरता. एवढ्या वाऱ्यात ९ मीटर घेऊन तुम्ही काय कराल ते मला दिसतं: काइट सतत वर-खाली फिरवून कसाबसा जोर काढाल, दोन सेकंद बोर्डवर उभे राहाल, परत बुडाल. आणि दोष स्वतःला द्याल. मनापासून शिकायला आलेली कितीतरी माणसं अशीच हा खेळ सोडून गेलेली मी पाहिली आहेत. त्यांचं तंत्र बरं होतं, काइट लहान होता. तिसऱ्या दिवशी १२ मीटरवर तुम्ही दोनदा स्वच्छ उभे राहिलात, ते आठवा. तासाभरात थांबवलं कारण वारा १० च्या खाली गेला होता. तेवढ्या कमी वाऱ्यात पडलेला काइट पाण्यावरून परत उठवणं नवशिक्याला जमत नाही, आणि संध्याकाळी अर्धवट अंधारात कुणाला पोहत आणायची माझी तयारी नाही.

मग सूत्राप्रमाणे १४ का नाही सुचवला? फक्त गोव्यातच चालवणार असाल तर १४ चुकीचा नाही. पण मोठा काइट वळायला मंद असतो, तो कुठे आहे हे हाताला उशिरा कळतं. आणि तुम्ही रामेश्वरमला जायचं म्हणत होता. तिथे १८-२० नॉटचे दिवस नवलाचे नाहीत, आणि अशा वाऱ्यात १४ मीटर तुम्हाला झेपणार नाही. १२ मीटर आणि जोडीला १४५ ते १५० सेंटिमीटरचा रुंद बोर्ड घेतलात तर गोव्यातल्या बऱ्या दिवसांत चालेल. मोठा बोर्ड कमी ओढीतही माणसाला तरंगवतो, पुष्कळांना हे लक्षातच येत नाही. ९ मीटर तुमचा दुसरा काइट व्हावा, जोराच्या वाऱ्यासाठी. पहिला नाही.

आमच्याकडूनच घ्या असं मी फोनवर म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. कुठूनही घ्या, जुना घ्या. पण घेण्याआधी कडक हवा भरून दोन-तीन तास तसाच ठेवा. काइटच्या पुढच्या कडेची हवेची नळी सैल पडली तर आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, गळतोय. कापड उन्हाकडे धरून बारीक भोकं बघा, बोटांनी चुरगाळून बघा. उन्हाने मेलेलं कापड कागदासारखं वाजतं आणि लगेच फाटतं. क्विक रिलीज (अडचणीत काइट झटकन सोडवायची कळ) वाळू लावून, ताण देऊन उघडून बघा, एका हाताने आणि एका झटक्यात सुटलं पाहिजे. आणि २००५ च्या आधीचा काइट फुकट मिळाला तरी नको. बार सोडल्यावर जोर जवळपास पूर्ण उतरतो ती रचना त्याच सुमारास बाजारात आली. त्याआधीच्या काइटमध्ये बार सोडला तरी बरीच ओढ उरते आणि नवशिक्याला तीच महागात पडते.

तो ९ मीटर एव्हाना घेतला असेल तर पुढच्या वेळी सोबत आणा. किनाऱ्यावर हवा भरून, लाइनी (बार आणि काइट जोडणाऱ्या दोऱ्या) मोजून तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. चार लाइनींची लांबी सारखी आहे का हे घरी एका खुंटीला बांधून आधीच बघून ठेवलंत तर आपला अर्धा तास वाचेल. फेब्रुवारी ते एप्रिल कधीही या, दुपारी एकच्या आत पोहोचा. आणि काइटबरोबर आलेला मूळ बारच आणा, दुसऱ्या कंपनीचा जोडलेला नको.