डुरान द्या, कर्बी घ्या

डिसेंबर उजाडला की आमच्या बॉस्टनच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर माणसांची देवाणघेवाण सुरू होते. बेसबॉलचा मोसम संपलेला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन तज्ज्ञ. एक अस्सल बॉस्टनकर, इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा भक्त. दुसरा सिॲटलकर, तिथल्या मरिनर्स संघाचा. मधे मी आणि माझ्या डब्यातली भेंडी.

यंदाचा प्रस्ताव असा: रेड सॉक्सनी जॅरन डुरान द्यायचा, मरिनर्सनी जॉर्ज कर्बी. डुरान 2024च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू. कर्बी असा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, की वाईट चेंडू टाकून फलंदाजाला फुकट बेसवर सोडणं त्याच्या जिवावर येतं. दोन्ही संघांना या सौद्याची गंधवार्ताही नाही. तरी हे दोघे लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या व्याह्यांसारखे अडून बसतात. "डुरानबरोबर एक 19 वर्षांचा पोरगाही टाका." "एक? मग तुम्ही दोन टाका." ते पोरगे बिचारे कुठल्याशा गावात सिंगल-ए, म्हणजे खालच्या पायरीची लीग, खेळत असतील; इथे त्यांचं 2030 सालचं भविष्य ठरूनसुद्धा गेलं.

मग 'वॉर' निघतं. एखाद्या साध्या बदली खेळाडूऐवजी हा असला तर संघ किती सामने जास्त जिंकेल, याचा हा हिशेब. गंमत अशी की फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या दोन वेबसाइट तो वेगवेगळ्या रीतीने मांडतात, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या सोयीचा आकडा मिळतो. "तू डेटावाला ना, तूच सांग!" असं म्हणून दोघंही माझ्याकडे वळतात. यात मी सांगणं अपेक्षित नसतं. फक्त मान हलवायची, आणि तीसुद्धा दोन दिशांना.

खरं तर भांडण डुरानचं नाहीच. सिॲटलकराच्या डोक्यात 31 जुलै 1997 असतो. त्या दिवशी याच दोन संघांत सौदा झाला: सिॲटलने हीथक्लिफ स्लोकम नावाचा पिचर घेतला आणि जेसन व्हॅरिटेक व डेरेक लो असे दोघं देऊन टाकले. त्याच दोघांनी 2004 साली बॉस्टनला विजेतेपद जिंकून द्यायला हातभार लावला. सिॲटलने आजतागायत वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचं, तोंड पाहिलेलं नाही. हा माणूस कर्बी कसा सोडेल? आणि बॉस्टनकर 2020चा मारलेला: रेड सॉक्सनी आपला तारा मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकला आणि डॉजर्स त्याच वर्षी जिंकले. सॉक्सनी कुणाला काही द्यायचं म्हटलं की त्याचा घास घशात अडकतो.

विषय बदलावा म्हणून मी आयपीएल काढलं. हार्दिक पंड्या 2023 साली गुजरातहून मुंबईकडे आला, पुढे वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, वगैरे.

"बदल्यात गुजरातला कोण मिळालं?"

"कोणी नाही. पैसे."

"नुसते पैसे?" बॉस्टनकराने काटा खाली ठेवला. 1919च्या डिसेंबरात रेड सॉक्सनी बेब रूथ हा महान खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीजना असाच नुसत्या पैशांवर विकला होता, आणि पुढचं विजेतेपद उजाडायला 2004 साल यावं लागलं. घरात सुतक असल्यासारखी पाच मिनिटं गेली.

शेवटी मी हॅरी चिटीचा तोडगा मांडला. 1962 साली क्लीव्हलंडने हा कॅचर (आपल्याकडचा यष्टिरक्षक म्हणा) न्यूयॉर्क मेट्सना दिला, बदल्यात 'नंतर ठरवू तो खेळाडू' घ्यायच्या बोलीवर. जूनमध्ये मेट्सनी ठरवून जो खेळाडू दिला, तो हॅरी चिटीच! माणूस स्वतःच्याच बदल्यात परत आला. म्हटलं, डुरानला सिॲटलला पाठवा आणि बदल्यात डुरानच घ्या. कुणाचं नुकसान नाही.

दोघं विचारात पडले. मी डबा धुवायला उठलो.

"थांब," सिॲटलकर म्हणाला, "मधल्या दोन महिन्यांचा त्याचा पगार कोण देणार?"

"तुम्ही," बॉस्टनकर म्हणाला, "आणि वर एक पिचरही द्याल."